छोट्या पोकर टूर्नामेंटमध्ये टेबलावर चार-पाचच जण उरले की कसं खेळायचं

नऊ जणांच्या टेबलावर व्यवस्थित खेळणारी, पानं निवडून उतरणारी, संयम असलेली माणसं टेबल पाच-चारवर आलं की अचानक गडबडतात, हे मी कायम बघत आलोय. काहीजण आधीसारखंच थांबून बसतात आणि ब्लाइंड्समध्ये, म्हणजे पानं बघायच्या आधी पाळीने सक्तीने भरायच्या चिप्समध्ये, हळूहळू संपतात, आणि काहीजण कुणीतरी सांगितलेलं असतं की "आता आक्रमक खेळायचं" म्हणून मिळेल त्या पानावर मिळेल त्याला कॉल मारत सुटतात. दोघांचा निकाल एकच, चौथा नंबर. आणि छोट्या टूर्नामेंटमध्ये चौथ्याला बहुतेक वेळा काहीच मिळत नाही.

म्हणून हा लेख फक्त त्या टप्प्याबद्दल आहे. नो-लिमिट होल्डेमचे नियम, कोणती जोडी कशाला हरवते वगैरे तुम्हाला येतं असं धरलंय. सगळीकडे एकच उदाहरण वापरतो म्हणजे आकडे डोक्यात बसतील: 9 जणांची एका टेबलाची टूर्नामेंट, प्रत्येकाला 3,000 चिप्स म्हणजे एकूण 27,000, बक्षीस एकूण 9,000 रुपये, पहिल्याला 4,500, दुसऱ्याला 2,700, तिसऱ्याला 1,800. पाचजण गेले, चारजण उरलेत. ब्लाइंड्स 200/400 आणि बिग ब्लाइंडवाल्याने सगळ्यांच्या वतीने भरायचा अँटी 400.

माझं म्हणणं थोडक्यात असं आहे की कमी माणसांत पॉट उघडताना, म्हणजे पहिला रेझ करताना, हात मोकळा सोडायचा आणि दुसऱ्याच्या ऑल-इनला कॉल करताना तोच हात आखडता घ्यायचा. लोक बरोब्बर उलटं करतात. का ते खाली येईलच.

पायरी 1: आधी एका डावाची किंमत काढा

टेबलावर एक फेरी पूर्ण झाली की तुमचे 200 + 400 + 400 म्हणजे 1,000 चिप्स जातात. नऊजण असतील तेव्हाही 1,000 आणि चौघे असतील तेव्हाही 1,000, फक्त आधी ते नऊ डावांत जायचे आणि आता चार डावांत जातात. खोलीचं भाडं तेवढंच, पण रूम पार्टनर नऊचे चार झाले, असा हा प्रकार आहे. नऊजणांत एका डावाला साधारण 111 चिप्स, चौघांत 250.

आता समजा तुमच्याकडे 7,200 चिप्स आहेत. ऐकायला ठीक वाटतात, 18 बिग ब्लाइंड्स. पण 7,200 म्हणजे 7.2 फेऱ्या आणि चौघांत 7.2 फेऱ्या म्हणजे फक्त 29 डाव. नऊजणांत हेच 65 डाव झाले असते. आणि आता दुसरा आकडा बघा, दश्शीची जोडी किंवा त्याच्या वरची कुठलीही जोडी, आणि वर एक्का-राजा, हे सगळं मिळून किती डावांतून एकदा येतं? 1,326 पैकी 46 जुळण्या, म्हणजे साधारण 29 डावांतून एकदा! म्हणजे "चांगली पानं येईपर्यंत थांबतो" असं म्हणणारा माणूस सगळा स्टॅक (हातातल्या चिप्स) संपेपर्यंत सरासरी एकदाच खेळणार, आणि तेही ब्लाइंड्स वाढलेच नाहीत तर. ते वाढतातच.

त्यामुळे टेबलावरचा एकेक माणूस बाहेर गेला की मनातल्या मनात हा हिशोब परत करायची सवय लावा: फेरीचा खर्च भागिले माणसं, आणि माझा स्टॅक किती डाव टिकेल. दहा सेकंदांचं काम आहे, पानं पिसली जात असताना होतं. अजून एक, काही ठिकाणी माणसं कमी झाली की अँटी निम्मा करतात, काही ठिकाणी तसाच ठेवतात. हे टूर्नामेंट सुरू व्हायच्या आधी विचारून घ्या, नंतर मध्येच कळलं तर सगळं गणित बदलतं.

पायरी 2: उघडताना हात मोकळा

कमी माणसांत पानांची ताकद का वाढते हे नीट समजलं तर हात आपोआप मोकळा होतो. तुमच्याकडे एक्का नाहीये असं धरा. मागे अजून 8 जण बोलायचे असतील तर त्यातल्या कुणाकडे तरी एक्का असायची शक्यता जवळपास 80 टक्के. तुम्ही बटनवर आहात आणि मागे फक्त दोन ब्लाइंड्स आहेत, तर तीच शक्यता 29 टक्क्यांवर येते. राजा-नव्वी नऊजणांत पहिल्या जागेवरून फेकायचं पान आहे, चौघांत बटनवर तेच पान रेझ करायचं.

रेझ किती करायचा? दुप्पट किंवा दुपटीच्या किंचित वर, म्हणजे 400 च्या ब्लाइंडला 800 ते 900. तिप्पट-चौपट करायची गरज नाही. मध्ये पडलेत 1,000 (दोन ब्लाइंड्स आणि अँटी), तुम्ही 800 लावताय, म्हणजे 1,800 मध्ये 800, तर 44 टक्के वेळा दोघांनी पानं टाकली, म्हणजे फोल्ड केलं, की तुमचं भागलं, पानं कुठलीही असोत. दोघांपैकी प्रत्येकजण तीनपैकी दोनदा टाकत असेल तर बरोबर तेवढंच होतं. आणि कॉल आला म्हणून तुम्ही हरलात असं थोडीच आहे, फ्लॉप बघायचाय अजून, आणि बटनवर असाल तर तोही शेवटी बोलत. 1,600 लावलेत तर तेच काम 62 टक्के वेळा व्हावं लागतं आणि ऑल-इन आला की दुप्पट नुकसान.

कुठून किती उघडायचं यासाठी मी धरतो तो अंदाज देतो, 15 ते 30 ब्लाइंड्सचा स्टॅक असताना. चौघांत पहिल्यांदा बोलणारा, म्हणजे कटऑफ: सगळ्या जोड्या, एकाच रंगाचे सगळे एक्के, वेगळ्या रंगाचे एक्का-अठ्ठीपासून वर, राजा-दश्शीपासून वर, राणी-गुलाम, आणि एकाच रंगाची जवळजवळची मोठी पानं, साधारण दर दहातून दोन डाव, किंवा किंचित जास्त. बटन: दर पाचातून दोन, किंवा जरासं कमी, म्हणजे कुठलाही एक्का, कुठलीही जोडी, एकाच रंगाचा कुठलाही राजा, वेगळ्या रंगाचे राजा-सत्तीपासून वर, राणी-नव्वी, गुलाम-नव्वी, दश्शी-अठ्ठी एकाच रंगाची, असं. हे पाठ करून बसू नका. ब्लाइंड्समध्ये बसलेला माणूस सतत ऑल-इन टाकणारा असेल तर वेगळ्या रंगाची कमजोर पानं लगेच कमी करा, आणि दोघेही घाबरलेले असतील तर वाढवा.

लिंप, म्हणजे नुसते 400 भरून आत जाणं, कटऑफ आणि बटनवरून मी करायला सांगणार नाही. एकच जागा वेगळी आहे, स्मॉल ब्लाइंड. तिथे तुमचे निम्मे पैसे आधीच गेलेत, अँटी मध्ये पडलाय, समोर एकच माणूस आहे, त्यामुळे बरीच मधली पानं नुसती भरून खेळणं तिथे चांगलं पडतं. पण समोरचा बिग ब्लाइंडवाला दर वेळी रेझ करून उठवत असेल तर कधीकधी चांगली पानंही तशीच नुसती भरून ठेवा, एकदा सापडला की तो थंड होतो.

पायरी 3: बिग ब्लाइंड फुकट देऊ नका

कमी माणसांत तुम्ही दर चार डावांतून एकदा बिग ब्लाइंड असता आणि 800 आत टाकलेले असतात. बटनने 800 केले, स्मॉल ब्लाइंडने पानं टाकली, तर मध्ये 800 + 200 + 400 + 400 = 1,800 आहेत आणि तुम्हाला फक्त 400 भरायचेत. 2,200 मध्ये 400, म्हणजे 18 टक्के जिंकलात तरी पुरे. सगळ्यात वाईट समजली जाणारी सत्ती-दुर्री वेगळ्या रंगाची सुद्धा कुठल्याही दोन पानांसमोर 35 टक्के जिंकते.

आता याचा अर्थ सत्ती-दुर्री कॉल करा असा अजिबात नाही, कारण ते 35 टक्के पाचही पानं उघडी झाली तरचे आहेत आणि प्रत्यक्षात तुम्ही फ्लॉपवर बेट आला की टाकणार. पण राणी-छक्की एकाच रंगाची, दश्शी-सत्ती, गुलाम-अठ्ठी, अठ्ठी-छक्की, कुठलाही राजा, असलं सगळं लहान रेझला खेळायचं. लोक इथे फार टाकतात. समोरच्याने तिप्पट-चौपट रेझ केला असेल तर मात्र भाव बदलला, तेव्हा यातलं निम्मं टाका.

आणि 12 ते 20 ब्लाइंड्स असताना सगळ्यात भारी हत्यार म्हणजे रेझवर परत ऑल-इन. बटनवाला दर दुसऱ्या डावाला उघडतोय असं दिसलं तर त्याच्या निम्म्याहून जास्त पानांना ऑल-इन झेपणार नाही. मध्ये पडलेले 1,800 न बघता-दाखवता तुमचे. यासाठी पानं कशी हवीत? ज्यात एक्का आहे अशी, कारण तुमच्याकडे एक्का असला की समोर मोठा एक्का असायची शक्यता कमी होते, शिवाय लहान-मधल्या जोड्या, राजा-राणी, राजा-गुलाम. ज्याने आधी टाकून दाखवलंय त्याच्यावरच करा. जो उघडला की सोडतच नाही त्याच्यावर फक्त खरी पानं घेऊन करा.

पायरी 4: फ्लॉपनंतर लहान बेट, आणि थांबायचं कधी ते

जोडी नसलेल्या दोन पानांना फ्लॉपवर जोडी किंवा त्याहून चांगलं काही साधारण तीनपैकी एकदाच लागतं. समोरच्यालाही तसंच. दोघंच असाल तर बऱ्याच वेळा कुणालाच काही लागलेलं नसतं आणि जो आधी बेट करतो तो नेतो. म्हणून पॉटच्या एक तृतीयांश बेट पुरतो. तो चारपैकी एकदा चालला तरी नुकसान नाही.

कुठल्या फ्लॉपवर? सुटासुटा, एक मोठं पान आणि दोन बारकी, तीन वेगवेगळे रंग, जसं एक्का-सत्ती-दुर्री किंवा राजा-छक्की-तिर्री, इथे जवळजवळ नेहमी. नव्वी-अठ्ठी-सत्तीसारखा जवळजवळच्या पानांचा किंवा दोन पानं एका रंगाची असलेला फ्लॉप बिग ब्लाइंडवाल्याच्या पानांना जास्त लागतो, तिथे काही नसेल तर चेक करून सोडून द्यायला लाज वाटू देऊ नका.

जोडी लागली की उलट चूक होते, लोक नऊजणांच्या सवयीने घाबरतात. फ्लॉपवरची वरची जोडी चौघांत, 15-20 ब्लाइंड्सवर, मोठं पान आहे. तीन बेटमध्ये सगळ्या चिप्स आत जातील असं आखून खेळा. मधली जोडी असेल तर एक बेट घ्या किंवा एक बेट भरा आणि शोडाउनला जायचा प्रयत्न करा, तिला उगाच फुगवू नका.

पायरी 5: 12 ब्लाइंड्सच्या खाली ऑल-इन किंवा फोल्ड

इथे फार बोलण्यासारखं नाही कारण गोष्ट सोपी आहे. 10 ब्लाइंड्स, म्हणजे 4,000 चिप्स, बटनवर. तुमच्या ऑल-इनला सगळे पानं टाकून बसले तर 1,000 मिळतात, म्हणजे पानं न दाखवता स्टॅक 25 टक्क्यांनी वाढला. असं फेरीतून एकदा जरी झालं तरी तुमचा फेरीचा खर्च निघाला. नुसता रेझ करून मग समोरच्याच्या ऑल-इनला पानं टाकणं ही या स्टॅकवरची सगळ्यात महाग चूक.

आणि 5-6 ब्लाइंड्सपर्यंत खाली जाऊ देऊ नका. तिथे तुमचा ऑल-इन बिग ब्लाइंडवाल्याला इतका स्वस्त पडतो की तो काहीही घेऊन कॉल करतो, मग तुमच्या हातातली धमकीच गेली. 8-10 असतानाच, कुणी आत आलेलं नसताना, पहिला ऑल-इन तुमचा असला पाहिजे. पहिला हा शब्द महत्त्वाचा आहे. राजा-अठ्ठी घेऊन पहिला ऑल-इन टाकणं चांगलं, तेच पान घेऊन दुसऱ्याच्या ऑल-इनला कॉल करणं वाईट.

पायरी 6: बबल, इथेच टूर्नामेंट ठरते

आता मुख्य भाग. चारजण, तिघांना बक्षीस, म्हणजे अजून एकच जण रिकाम्या हाताने जाणार, यालाच बबल म्हणतात. इथे चिप्सचा भाव आणि पैशांचा भाव वेगळे होतात आणि तो फरक मोजायच्या पद्धतीला सगळे आयसीएम म्हणतात. साधा प्रकार आधी: चौघांकडे अगदी सारख्या चिप्स, 6,750. प्रत्येकाचा बक्षिसातला वाटा 2,250 रुपये. तुम्ही एकाशी ऑल-इन होऊन जिंकलात, चिप्स दुप्पट झाल्या. वाटा किती झाला? 4,500 नाही, 3,450. कारण पहिला नंबर आला तरी 4,500 च मिळणार, सगळे 9,000 कुणालाच मिळत नाहीत. म्हणजे 2,250 घालवायची जोखीम घेऊन कमावणार 1,200. गणित केलं तर असा कॉल परवडायला तुम्ही 65 टक्के जिंकायला हवं. 65! एक्का-राजा कुठल्याही लहान जोडीसमोर निम्म्यालाही जात नाही, आणि लोक बबलवर एक्का-नव्वी घेऊन "घे रे" म्हणत कॉल टाकतात.

मग हात मोकळा सोडायचा कशासाठी? कारण हे 65 टक्क्यांचं ओझं जो कॉल करतो त्याच्या डोक्यावर असतं. जो ऑल-इन टाकतो तो समोरच्यावर ते ओझं टाकतो.

एक डाव सविस्तर बघू. कटऑफ 3,200, तुम्ही बटनवर 7,200, स्मॉल ब्लाइंड 4,000, बिग ब्लाइंड 12,600. तुमच्याकडे इस्पिकचा राजा आणि इस्पिकची नव्वी. कटऑफने पानं टाकली. तुम्ही 800 करता.

पहिली शक्यता, स्मॉल ब्लाइंडवाला 4,000 चा ऑल-इन टाकतो आणि बिग ब्लाइंडवाला पानं टाकतो. मध्ये 800 + 4,000 + 400 + 400 = 5,600. तुम्हाला भरायचेत 3,200. नुसत्या चिप्सच्या हिशोबाने 8,800 मध्ये 3,200, म्हणजे 36 टक्के जिंकलात की भागलं. राजा-नव्वी एकाच रंगाची, समोर जोड्या, एक्के आणि मोठे राजे धरले तर आपण चाळिशीच्या आत-बाहेर आहोत, म्हणजे कॉल बरोबर वाटतो. आता पैशात बघा. पानं टाकली तर तुमच्याकडे 6,400 राहतात, वाटा साधारण 2,330 रुपये. कॉल करून जिंकलात तर 12,000 चिप्स, वाटा 3,364. हरलात तर 3,200 चिप्स, वाटा 1,509. म्हणजे हरलात तर 820 जातात, जिंकलात तर 1,035 येतात, आणि ते परवडायला 44 टक्के लागतात. 36 आणि 44 च्या मधली जी जागा आहे ना, तिथेच राजा-नव्वी बसलीये. पानं टाका. एक्का-दश्शी असती तर आनंदाने कॉल.

हा फरक एवढा का आला ते बघा: कटऑफकडे फक्त 3,200 आहेत. तुमच्याआधी बाहेर जायची पाळी त्याची आहे, त्यामुळे तुम्हाला उगाच जोखीम घ्यायची घाई नाही. तोच माणूस आधीच बाहेर असता तर हाच कॉल जवळचा झाला असता. म्हणून बबलवर पानं बघायच्या आधी सगळ्यात लहान स्टॅक कोणाचा आहे आणि तो ब्लाइंड्सपासून किती डाव लांब आहे ते बघायचं. पुढच्या डावाला तो बिग ब्लाइंड असेल तर तुम्ही अजून कडक व्हा.

दुसरी शक्यता, स्मॉल ब्लाइंडने पानं टाकली, बिग ब्लाइंडने 400 भरून कॉल केला. पॉट 2,200. फ्लॉप एक्का-सत्ती-दुर्री, तीन वेगळे रंग. तो चेक करतो. तुमच्याकडे काहीच नाही, तरी 700 चा बेट करा. 2,900 मध्ये 700, चारपैकी एकदा त्याने पानं टाकली तरी पुरे, आणि तो चारपैकी एकदाहून खूप जास्त वेळा टाकेल, कारण चांगला एक्का असता तर बहुतेक लोक फ्लॉपआधीच ऑल-इन करतात. त्याने कॉल केला तर टर्नला बंद, उरलेल्या 5,700 ला हात लावायचा नाही. त्याने रेझ केला तरी बंद.

आता या चौघांची भूमिका थोडक्यात. 12,600 वाल्याने रोज दिवाळी समजून उघडत राहायचं, खास करून तुमच्यासारख्या मधल्या स्टॅकवर, कारण तुम्ही त्याला कॉल करायला सगळ्यात जास्त घाबरायला पाहिजे. मधल्या दोघांनी एकमेकांशी भिडायचं नाही, मोठ्याशी तर त्याहून नाही, पण मोठ्याने पानं टाकली की लहानाच्या ब्लाइंडवर तुटून पडायचं. 3,200 वाल्याकडे गमावण्यासारखं सगळ्यात कमी आहे आणि थांबायला वेळ नाही, त्यामुळे त्याने पहिला ऑल-इन टाकायची संधी शोधायची.

सहा जणांच्या टूर्नामेंटमध्ये बऱ्याचदा दोघांनाच बक्षीस असतं, 65 आणि 35 टक्के. तिथे बबल तिघांवर येतो आणि सारख्या स्टॅकला कॉलसाठी 61 टक्के लागतात. आणि पहिल्यालाच सगळं असेल तर यातलं काहीच लागू नाही, चिप्सचा हिशोब तोच पैशांचा हिशोब.

पायरी 7: तिघे, मग दोघे

चौथा गेला की सगळ्यांचे 1,800 पक्के. आता लढाई वरच्या पैशांची. सारख्या स्टॅकला कॉलसाठी लागणारा आकडा 65 वरून 57 वर उतरतो, आणि दोघेच उरले की सरळ 50. हे तीन आकडे, 65, 57, 50, लक्षात ठेवा, बाकी अंदाज यांच्या आजूबाजूने बांधता येतात. अनेकजण बबल फुटला की सुटकेच्या आनंदात दोन-तीन डाव सैल खेळतात, आणि काहीजण बबलचा ताण तसाच घेऊन दोघांवर येईपर्यंत आखडलेले राहतात. आकडे बदलले की खेळ बदला.

दोघांत नियम जरा उलटा होतो: बटनवालाच स्मॉल ब्लाइंड भरतो, फ्लॉपआधी तो पहिला बोलतो आणि फ्लॉपनंतर शेवटी. म्हणजे बटन ही सोन्याची जागा. तिघांवरून दोघांवर येताना बटन असं लावतात की कुणालाच लागोपाठ दोनदा बिग ब्लाइंड भरायला लागू नये, घरच्या खेळात यावरून हमखास वाद होतो, आधी ठरवून ठेवा.

राणी-सत्ती वेगळ्या रंगाची इथे सरासरीहून किंचित वरचं पान आहे, कुठल्याही दोन पानांसमोर 52 टक्के. 10 ब्लाइंड्सवर दोघांत स्मॉल ब्लाइंडवरून निम्म्याहून जास्त पानांवर ऑल-इन बरोबर ठरतो आणि कॉल मात्र तीनातून एकापेक्षा थोडा जास्त. बघा, दोघांतही उघडणं कॉलपेक्षा सैलच आहे. 20 च्या वर असाल तर ऑल-इनची घाई नको, बटनवरून दुप्पट रेझ किंवा नुसतं भरून जास्तीत जास्त डाव खेळा आणि बिग ब्लाइंडमध्ये अगदी कचरा तेवढा टाका.

पायरी 8: माणसं वाचा, कारण आता मोजकीच आहेत

नऊजणांत सगळ्यांवर लक्ष ठेवणं अवघड, तिघांवर सोपं. प्रत्येकाबद्दल तीनच गोष्टी शोधा. बिग ब्लाइंडमध्ये लहान रेझला टाकतो का? रेझ केल्यावर ऑल-इन आला तर सोडतो का? फ्लॉपवर एक बेट भरून टर्नला सोडतो का? बाकीचं, कोण केव्हा थरथरतो, कोण चिप्स कशा ठेवतो, हे सगळं मला दुय्यम वाटतं. छोट्या टूर्नामेंटमधली सवयीची माणसं या तीन प्रश्नांत स्वतःला पूर्ण उघडी करतात. आणि जो माणूस कधीच टाकत नाही त्याच्याविरुद्ध ब्लफ बंद, जोडी लागली की मोठे बेट. एवढाच बदल पुरतो.

सराव कसा करायचा

पैसे लावून ऑनलाइन खेळण्याचा रस्ता 2025 च्या ऑगस्टमध्ये संसदेने केलेल्या ऑनलाइन गेमिंगच्या कायद्याने बंद केलाय. तिकडे जाऊ नका, आडमार्गाने तर नकोच. प्रत्यक्ष टूर्नामेंट खेळायच्या तर आपल्या जवळचं ठिकाण म्हणजे गोव्यातले कॅसिनो, पणजीला मांडवीत उभ्या असलेल्या बोटी, तिथे वयाची अट 21 ची आहे. जायचं असेल तर प्रवास, राहणं आणि एन्ट्री धरून जेवढे पूर्ण गेले तरी घरात फरक पडणार नाही तेवढेच बाजूला काढा, कारण कमी माणसांच्या खेळात चढउतार जास्त असतात, बरोबर खेळूनही सलग अनेकदा चौथं येणं होतं. तोटा भरून काढायला परत एन्ट्री घ्यावीशी वाटायला लागली की त्या दिवशी उठायचं.

पण खरा सराव घरीच होतो, पैशांशिवाय. चारजण जमवा, वर दिलेले स्टॅक्स, 3,200, 7,200, 4,000, 12,600, तसेच वाटा, ब्लाइंड्स 200/400, आणि तिघांना गुण द्या 5, 3, 2, चौथ्याला शून्य. एकजण बाहेर गेला की थांबा, स्टॅक्स परत तसेच लावा आणि जागा एकेक सरकवा म्हणजे प्रत्येकाला चारही स्टॅक्स खेळायला मिळतील. अर्ध्या तासात बबलचे इतके डाव होतात जे टूर्नामेंटमध्ये महिन्यात होत नाहीत. प्रत्येक ऑल-इनच्या कॉलनंतर दोघांनी पानं उघडी करून बोलायचं, किती टक्के होते आणि किती लागत होते. वाद होईल तिथे कागद घ्या, मध्ये किती, भरायचे किती, एवढं लिहा. आयसीएमचे कॅल्क्युलेटर नेटवर फुकट मिळतात, स्टॅक्स आणि बक्षिसं टाकली की वाटा दाखवतात, तीनदा टाकायचं: फोल्ड केलं तर, जिंकलो तर, हरलो तर. राजा-नव्वीच्या डावाचे आकडे तिथे टाकून बघा आणि मग कटऑफच्या 3,200 च्या जागी 8,000 करून, बिग ब्लाइंडवाल्याचे तेवढे कमी करून परत बघा, 44 चा आकडा कुठे जातो ते.